१६९.२५४ दिसलं, म्हणजे कुणी ओ दिलेली नाही

वायफाय जोडलेलं दिसतं, पण पान उघडत नाही. अशा वेळी लगेच राउटर बंद-चालू करू नका, बिघाडाची खूण पुसली जाते. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडा, ‘आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल’ मारा आणि आयपीव्ही४ची ओळ, म्हणजे मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता, वाचा.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर तो राउटरचा नव्हे. ‘कुणी पत्ता देतं का?’ अशी हाळी मशीनने घातली, ओ आली नाही, म्हणून तिने स्वतःच एक घेतला. एरवी डीएचसीपी या पत्ते वाटण्याच्या पद्धतीत डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, ॲक (हाक, देऊ केलेला पत्ता, मागणी, होकार) हे चार निरोप होतात आणि काम संपतं.

पत्ता १६९.२५४ चा नसून भलताच असेल, तर आधी सेटिंग बघा. महाप्याच्या किंवा वागळे इस्टेटच्या ऑफिसात हाताने टाकलेला पत्ता घरी तसाच राहतो. अडॅप्टरमध्ये ‘ऑटोमॅटिक’ निवडा. डीएनएसलाही (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारा), तो विसरला जातो. मग ‘आयपीकॉन्फिग स्लॅश रिलीज’ आणि ‘आयपीकॉन्फिग स्लॅश रिन्यू’ मारा.

पत्ता १९२.१६८ चा आहे, तरी नेट नाही? मग घरात दुसरा राउटर शोधा. घोडबंदर रोडवरच्या लांबट फ्लॅटमध्ये शेवटच्या बेडरूमला रेंज नसते, म्हणून जुना राउटर माळ्यावरून उतरतो आणि मुख्य राउटरची वायर त्याच्या लॅन (घरातल्या मशीनसाठीच्या) पोर्टात खुपसली जाते. आता पत्ते वाटणारे दोन. ज्याची ऑफर आधी पोचेल त्याचा पत्ता मशीन सहसा घेते. जुना राउटर गेटवे (बाहेर जायचं दार) म्हणून स्वतःचाच पत्ता देतो, आणि त्याच्या वॅनला (बाहेरून नेट येणाऱ्या पोर्टाला) तर काहीच जोडलेलं नसतं. मग आईचा फोन चालतो, टीव्ही चालत नाही, अर्ध्या तासाने उलटं. शिव्या मात्र केबलवाल्याला. दोनचार वेळा रिलीज-रिन्यू करून ‘आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल’मधली ‘डीएचसीपी सर्व्हर’ची ओळ बघा, तिथला पत्ता बदलत असेल तर चोर सापडला. दोघांचाही पत्ता १९२.१६८.०.१ असला तर ही ओळ काही सांगत नाही; तेव्हा जुन्याची वायर काढून बघणं सोपं.

दुरुस्ती करताना क्रम चुकवू नका. लॅपटॉप वायरने फक्त जुन्या राउटरला जोडा. आधी त्याचा लॅन पत्ता १९२.१६८.०.२ करा (मुख्य राउटर १९२.१६८.०.१ वर आहे असं धरून), नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करा, आणि शेवटी डीएचसीपी बंद. डीएचसीपी आधी बंद केलं तर लॅपटॉपला पत्ता मिळत नाही आणि सेटिंगचं पान उघडायला तो हाताने टाकावा लागतो. मुख्य राउटरची वाटपाची रेंज १०० ते १९९ ठेवा, म्हणजे २ नंबर कुणाला जाणार नाही. वायर पुन्हा लॅन पोर्टातच. आता ते बरोबर आहे.

मुख्य राउटरच्या वॅनलाच पत्ता नसेल, तर राउटर नुकताच बदलला का ते आठवा. काही केबलवाले कनेक्शन मॅक पत्त्याला (उपकरणाच्या स्वतःच्या हार्डवेअर नंबराला) बांधतात. नवा मॅक त्यांना कळवा किंवा राउटरमधल्या ‘मॅक क्लोन’मध्ये जुना टाका.

वायर गच्चीवरून खिडकीतून येत असेल, तर पावसाळ्यात तिच्या टोकाची क्लिप पोर्टातून काढून पिना बघा. हिरवट दिसल्या की क्लिप कापून नवी मारा, पुसत बसू नका. खिडकीत शिरण्याआधी वायरला खाली झुकणारा झोल ठेवा, म्हणजे पाणी तिथूनच टपकेल.