एलन नसीने न जाळलेली पत्रे

‘जेन एअर’ लिहिणारी इंग्रज कादंबरीकार शार्लट ब्रॉन्टी आणि तिची मैत्रीण एलन नसी यांची ओळख १८३१ साली इंग्लंडमधल्या यॉर्कशरात रो हेडच्या शाळेत झाली आणि शार्लट १८५५ मध्ये वारली तोवर दोघींचा पत्रव्यवहार चालू होता. शार्लटने लिहिलेली शेकडो पत्रे एलनने जपली, म्हणून ती आज वाचता येतात. एलनची उत्तरे मात्र जवळजवळ सगळी नाहीशी झाली आहेत.

१८३६ मधल्या एका पत्रात वीस वर्षांची शार्लट लिहिते की, कायम तुझ्याजवळ राहावेसे वाटते, आणि आपले स्वतःचे एखादे लहानसे घर व पोटापुरते उत्पन्न असते तर आपण मरेपर्यंत सुखाने एकत्र राहिलो असतो. त्या काळातल्या स्त्रिया मैत्रिणींना असेच भरभरून लिहीत, ती एक रीतच होती, असे सांगून या ओळींचे वजन कमी केले जाते, ते मला मुळीच पटत नाही. रीत होती हे खरे. पण १८४९ च्या मे महिन्यात धाकटी बहीण अ‍ॅन हिला अखेरच्या आजारात हवापालटासाठी समुद्रकाठच्या स्कारबरोला नेले, तेव्हा शार्लटच्या सोबतीला एलन होती आणि अ‍ॅनचा मृत्यू झाला त्या वेळीही ती तिथेच होती. त्याआधी दहा वर्षे, शार्लटने आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला तोही एलनबरोबरच, आणि तो पाहून तिला रडू आवरले नाही. दारातून समुद्र दिसणाऱ्या आम्हा गुहागरकरांना हा प्रसंग विशेष जवळचा वाटतो.

१८५४ मध्ये शार्लटचे लग्न झाले. अशी मोकळी पत्रे आगकाड्यांइतकी धोक्याची असतात, ती जाळून टाकावीत, असे तिच्या पतीचे, आर्थर निकल्स यांचे म्हणणे पडले आणि त्यांनी एलनकडून तसे लेखी वचन मागितले. एलनने ते अटीवर दिले, पण पत्रे जाळली नाहीत. पुढे कादंबरीकार एलिझाबेथ गॅस्केल यांनी १८५७ चे शार्लटचे चरित्र लिहिताना त्याच पत्रांचा आधार घेतला. मैत्रिणीच्या पतीला दिलेला शब्द तिने पाळला नाही, याबद्दल मी तिची ऋणी आहे.

टपाल स्वस्त झाल्याचाही या मैत्रीला हातभार लागला असणार. १८४० पूर्वी इंग्लंडमध्ये कागदांची संख्या आणि अंतर यांवर हशील ठरे व ते बहुधा पत्र घेणाऱ्याला द्यावे लागे, त्यामुळे लोक भरलेला कागद आडवा फिरवून त्याच ओळींवर पुन्हा लिहीत. १० जानेवारी १८४० पासून अर्ध्या औंसापर्यंतचे पत्र देशात कुठेही एका पेनीत जाऊ लागले. आपल्याकडे १८५४ मध्ये अर्ध्या आण्याचा सरसकट दर आला, पण कोकणातल्या किती बायकांना तेव्हा लिहिता येत होते? काही काळ अलिबागला राहिलेल्या आनंदीबाई जोशी आणि न्यू जर्सीच्या कारपेंटरबाई यांचा १८८० पासूनचा पत्रव्यवहार म्हणूनच मला अपूर्व वाटतो. एकमेकींना पाहण्याआधीच आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या होत्या, आणि पुढे आनंदीबाईंच्या अस्थींना जागा मिळाली ती कारपेंटर कुटुंबाच्याच दफनभूमीत.

आमच्या घरी पडवीतल्या तारेला टोचलेली पत्रे असत ती जमिनीची, कोर्टाची आणि मुंबईच्या चाकरमान्यांची. आजीची एक मैत्रीण मालवणला दिलेली होती. तिची आंतर्देशीय पत्रे आजीने ट्रंकेत लुगड्यांखाली ठेवली होती, ती आता माझ्याकडे आहेत. त्यांत आमसुले, पाऊस, सुनेचे बाळंतपण असे सगळे येते, आणि समासात उभ्या ओळीत, जागा संपता संपता, ‘तू असतीस तर’ असे काहीतरी. आजीने तिला काय लिहिले ते कळायला मार्ग नाही, कारण ती पत्रे मालवणला कोणी ठेवली नाहीत.

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत कोणाच्या माळ्यावर आई-आजीच्या मैत्रिणींची पत्रे असतील, तर ती घरदुरुस्तीच्या वेळी रद्दीत घालू नका. तिकिटासाठी पाकिटाचा कोपराही कापू नका. बायकांनी घाईत लिहिलेल्या पत्रांवर पुष्कळदा तारीख नसते, ती फक्त टपालाच्या शिक्क्यावर सापडते.