एकच मुलगा, दोन तक्ते

इंदूरला लोकमान्य नगरात आईच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत. माझी उंची, दादाची उंची, आता आमच्या पोरांची. दर सुट्टीत चिरंजीवांना चौकटीला टेकवून उभं करायचं, डोक्यावर वही आडवी धरायची, रेघ मारायची आणि शेजारी तारीख घालायची. या ऑगस्टमध्ये रेघ १४५ सेंटिमीटरवर गेली. आई खूश, तिच्या लेखी विषय संपला. वजन कशाला करायचं? दिसतंय ना, खात्यापित्या घरचा आहे.

लेस्टरला आमच्याकडे वजन सरकार करतं. इंग्लंडच्या सरकारी प्राथमिक शाळेत मूल दोनदा मोजतात: रिसेप्शनमध्ये, म्हणजे चार-पाच वर्षांचं असताना, आणि इयर सिक्समध्ये, दहा-अकराव्या वर्षी. २००५-०६ पासून हे चालू आहे. पालकांना नको असेल तर आधी तसं कळवता येतं. बूट-स्वेटर काढून मोजणी होते आणि काही आठवड्यांनी घरी पत्र येतं. त्या पत्रावरून आमच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रामायण झालं. एका आईने तर ते न वाचताच फाडलं. आमच्या पत्रात होतं ४१ किलो, ‘हेल्दी वेट’. खोटं कशाला बोलू, मी ते फ्रिजवर लावलं.

या मोजणीतून देशाचं जे चित्र निघतं ते काही फ्रिजवर लावण्यासारखं नाही. २०२२-२३ मध्ये रिसेप्शनची ९.२ टक्के मुलं लठ्ठ होती आणि इयर सिक्सची २२.७ टक्के. म्हणजे प्राथमिक शाळेच्या एका टोकाला दहात एक आणि दुसऱ्या टोकाला पाचात एकाहून जास्त. सर्वांत गरीब वस्त्यांत इयर सिक्सचा आकडा ३०.२, सर्वांत सधन वस्त्यांत १३.१. आपल्या डोक्यातलं गणित बरोबर उलटं असतं. जाड मूल म्हणजे पैसेवाल्याचं. इथे स्वस्तात पोट भरतं ते चिप्स आणि तळलेल्या चिकनने, सफरचंदाने नाही.

तर, इंदूरला उतरल्यावर तिसऱ्या दिवशी चिरंजीवांना खोकला झाला. घराजवळच्या बालरोगतज्ज्ञांनी छाती तपासली, मग काट्यावर उभं केलं. उंची-वजन घेऊन एका तक्त्यावर टिंब काढलं आणि म्हणाले, “ताई, हा तेवीसच्या रेघेच्या वर गेलाय.” मी लगेच फोनमधला पत्राचा फोटो दाखवला. ते हसले. “तो त्यांचा तक्ता. हा आपला.”

गंमत अशी की दोघांचंही बरोबर. ब्रिटनचा तक्ता १९९० च्या आसपासच्या तिथल्या मुलांवरून केलेला. एका वयाची शंभर मुलं बीएमआयच्या, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाच्या, चढत्या क्रमाने ओळीत उभी केली तर ९१ व्याच्या पुढचं मूल पत्रात ‘ओव्हरवेट’ ठरतं, मग ते मूळचं लीड्सचं असो की इंदूरचं. आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन अकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्सने, २०१५ मध्ये भारतीय मुलांचे नवे तक्ते काढले. मोठ्या माणसाचा बीएमआय २३ झाला की आपल्यासारख्यांनी सावध व्हावं असं मानतात. मुलाच्या वयाप्रमाणे त्याच्या बरोबरीची रेघ या तक्त्यात आहे. आमच्या टिंबाचा बीएमआय १९.५. तिकडे निवांत, इकडे रेघेच्या वर.

ही रेघ खाली का, तर पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम बघा. आपली बाळं जन्मतः लहान, स्नायू कमी, पण चरबी मात्र त्या मानाने शाबूत. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश डॉक्टरांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. फोटोत दोघेही सडपातळच दिसतात!

घरी येऊन हे सगळं सांगितलं तर आईने आधी मीठ-मोहरीने नातवाची दृष्ट काढली. “अगं, गुटगुटीत म्हणतात याला. त्या डॉक्टरचं काय ऐकतेस?” आणि दुसऱ्या दिवशी पोह्यांवर शेवेचा डोंगर, जिरावण, बाजूला दोन जिलब्या. मी काही बोलले नाही. पोह्यांवर माझा राग नाहीच. ते मीही रोज खाऊन मोठी झाले. पण मी शाळेत सायकलने जायचे. भाचा व्हॅनने जातो, व्हॅनमधून उतरून ट्यूशनला, आणि गल्लीत क्रिकेटऐवजी आता ओळीने गाड्या उभ्या. लेस्टरला आमचा हा वीस मिनिटं चालत शाळेत जातो, पाऊस असला तरी. इंदूरच्या चार आठवड्यांत तो चालला असेल तो सराफ्याच्या खाऊगल्लीत, तेही रात्री अकराला, एका दुकानावरून दुसऱ्या दुकानावर.

निघायच्या आदल्या दिवशी मी चौकटीवर १४५ च्या शेजारी पेन्सिलीने ‘४१’ लिहिलं. आई बघत होती. मी विचारलं, माझं कधी वजन केलं होतं का गं, या वयात?

“केलं होतं की. स्टेशनवर, त्या लाल दिव्यांच्या मशीनवर. नाणं टाकून.”

“किती होतं?”

“ते कुठलं आठवायला! कार्डाच्या मागे ‘धनलाभ’ लिहिलं होतं, तेवढं आठवतंय.”