आईला माफ केलंस का? तुम्ही विचारलंत म्हणून

हळदीकुंकवाला, लग्नाच्या पंगतीत, परवा तर चक्क भाजीच्या ठेल्यापाशी: "आता आईचं वय झालं गं, झालं-गेलं सोडून दिलंस ना?" उत्तर प्रश्नातच घालून आणलेलं असतं. मी "हो हो" म्हणून पिशवी उचलते. खरं उत्तर असं की नाही सोडलं. आणि तरीही जाते.

तुमचं पुढचं वाक्यही मला पाठ आहे. मिल बंद पडली, बाबा घरी बसले, तिनं शिकवण्या घेऊन संसार ओढला, बाई कडक होणारच. अहो, इंदूरच्या गिरणगावात, परदेशीपुरा-पाटणीपुऱ्यात घरोघरी तेच झालं. हुकमचंद मिलवाल्यांना तर थकलेल्या पैशांसाठी 2023 चा डिसेंबर उजाडायची वाट पाहावी लागली. त्या सगळ्या घरांतल्या आया अशा नाही झाल्या. आणि बाबांचा पगार वेळेवर यायचा तेव्हाची आईही मला आठवते. मी पोह्यांवर जिरावण भुरभुरलं की म्हणायची, "हाताला चव नसली की मसाला लागतो." मी तेव्हा पाचवीत होते.

माझं गर्भाशय काढलं तेव्हाचं सांगते. तुमच्यातल्या काहींना वाटतं मी त्याच गोष्टीला धरून बसलेय. बसलेय.

ऑपरेशननंतर आई भर उन्हात टेम्पो बदलत रामबागेतून आली. हातात स्टीलचा डबा: मऊ भात, वरण, वर साजूक तूप. आल्याबरोबर खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवून पाहिलं, पदराला पुसलं. माझ्याकडे बघून म्हणाली, "केस तरी विंचरून घ्यायचेस. लोक येतात भेटायला." मला टाके ओढत होते, मी कण्हले असेन. तर शेजारच्या खाटेवरच्या बाईंना म्हणाली, "इसको बचपन से कुछ सहन नहीं होता." त्या बिचाऱ्या टीव्हीकडे बघायला लागल्या. मी दोन घास खाल्ले, पुढे जाईना. तिनं झाकण लावलं, "नासेल उगीच," म्हणत डबा पिशवीत घातला. निघताना कपाळाला हात लावला. एक क्षण माझा श्वास अडकला. "ताप नाही," म्हणाली आणि गेली.

"पण आली ना?" मावशी म्हणते. "तिची माया करायची तीच रीत." बरीच वर्षं मीही हेच म्हणत होते. नवऱ्याला, मैत्रिणींना हे समजावून सांगताना माझी मलाच मी फार मोठ्या मनाची वाटायचे. त्याआधी उलटं म्हणायचे, की तिला माझ्याबद्दल काही वाटतच नाही. आता दोन्ही म्हणवत नाही. डबा खरा होता, ते वाक्यही खरं होतं. डबा आणला म्हणून वाक्य पुसलं जात नाही. आणि वाक्य आठवलं की तुपाचा वास आठवायचा थांबतो, असंही होत नाही. त्याचाच जास्त राग येतो.

मग जाते कशाला? सवयीनं म्हणा, हट्टानं म्हणा. तिचे गुडघे गेलेत, औषधांचा डबा मीच भरून ठेवते. नर्मदेचं पाणी आलं का, तूरडाळ काय भावानं मिळाली, कोण गेलं, एवढं बोलतो. माझी दुखणी, मुलीचं काही, घराचे हप्ते यातलं काहीच त्या उंबऱ्याच्या आत नेत नाही. तिनं पहिला टोमणा मारला की चहा संपवते आणि उठते. "लगेच निघून राहिलीस?" असं ती दर वेळी म्हणते. त्यात दुखावलेलं काही असतं का, मला ओळखता येत नाही, आणि हल्ली मी ते ओळखायच्या भानगडीत पडत नाही.

ती गेल्यावर पस्तावशील, असंही म्हणता. पस्तावेनही. पण त्या धाकानं आज "माफ केलं" म्हणू? आणि माझ्या मुलीशी मी कशी वागते, हे कृपा करून मला विचारू नका. तिलाच विचारा. मी माझ्याच बाजूनं बोलेन.