वहीत सापडलेलं स्पेशलायझेशन

दुसरं वर्ष संपत आलं तेव्हा विभागातून एक पानी अर्ज मिळाला. बाल व कुटुंब अभ्यास हा मुख्य विषय आम्ही प्रवेश घेतानाच निवडला होता, आता त्याच्या आत एक स्पेशलायझेशन घ्यायचं होतं. पर्याय चार होते: पूर्वबाल्य शिक्षण, किशोरवय, कुटुंब सहाय्य आणि रुग्णालयातली मुलं. त्याखाली ‘निवडीचं कारण’ म्हणून तीन ओळींची जागा. मुदत सहा आठवडे.

माझं उत्तर तयार होतं. पूर्वबाल्य शिक्षण. ओळखीचं प्रत्येक जण हेच सांगत आलं होतं, ‘तुझ्याकडे मुलं लगेच येतात, तू लहान मुलांमध्येच काम कर.’ मलाही ते पटलेलं होतं. पण कारणाच्या जागेत ‘मला मुलं आवडतात’ एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. वर्गातल्या जवळजवळ प्रत्येकाला मुलं आवडत होती. चारही पर्यायांसाठी हेच वाक्य चाललं असतं. मग त्याने निवड कशी ठरणार? तो अर्ज मी वहीत ठेवून दिला.

ही वही निरीक्षणाची होती. विभागाला जोडलेल्या बालवर्गात प्रत्येकीने तीस तास बसायचं, मुलांच्या खेळात न शिरता फक्त पाहायचं आणि लिहायचं, असा तो अभ्यासक्रम होता. पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे ‘काय दिसलं’, उजवीकडे ‘काय वाटलं’. ऐकायला सोपं, करायला अतिशय कठीण. तिसऱ्या दिवशी मी डाव्या बाजूला लिहिलं होतं, ‘साडेतीन वर्षांचा मुलगा एकटा पडला आहे.’ मॅडमनी ‘एकटा पडला आहे’ याभोवती गोल केला आणि विचारलं, “हे तुला दिसलं कुठे?”

मी आठवून सांगितलं. तो ठोकळ्यांच्या कोपऱ्यापासून चार पावलांवर उभा होता, हात पाठीमागे. बारा मिनिटं तिथून हलला नाही. तिघं मनोरा रचत होती, मनोरा पडला की तोही त्यांच्याबरोबर हसत होता. मॅडम म्हणाल्या, “मग हे लिही. एकटं पडलेलं मूल मनोरा पडल्यावर हसतं का, ते आपण नंतर बघू.”

संशोधक मिल्ड्रेड पार्टन यांनी 1932 साली मुलांच्या खेळातल्या सहभागाचे जे प्रकार मांडले, त्यांत नुसतं बघत उभं राहणं हाही एक प्रकार आहे. शेजारी बसून आपापलं खेळणं हा आणखी एक, आणि मिळून खेळणं हा त्यापुढचा. परीक्षेसाठी मी हे पाठ केलं होतं. पण समोर मूल उभं असताना मला त्यातलं काही आठवलं नव्हतं, आठवलं होतं ते माझं स्वतःचं बालपणीचं कोपऱ्यात उभं राहणं. रेघ कशासाठी असते, ते मला त्या दिवशी कळलं.

त्या मुलाकडे मी मग नेमाने पाहू लागले. दोन आठवड्यांत एक गोष्ट ध्यानात आली. काही दिवशी तो आल्यापासून दहा मिनिटांत ठोकळ्यांपाशी बसलेला असे, काही दिवशी अर्धा तास दाराजवळच्या खिडकीपाशी थांबे. आत येतानाच्या नोंदी पुन्हा वाचल्या. लवकर बसायचा त्या दिवशी त्याला आजी सोडायची. ती वाकून त्याच्या चपला काढायची, ताईंशी दोन वाक्यं बोलायची, मग जायची. खिडकीपाशी थांबायचा त्या दिवशी वडील यायचे, दारातूनच त्याला आत सोडायचे आणि धावतच निघायचे. वडिलांविषयी मी उजव्या बाजूला जे लिहिलं होतं ते इथे लिहायला मला लाज वाटते. नंतर बालवर्गाच्या ताईंकडून कळलं की आईची कामाची पाळी बदलली होती, आणि वडिलांना कामावर पोचायला त्या दिवशी अकरा मिनिटं कमी मिळत होती.

मानसशास्त्रज्ञ युरी ब्रॉन्फेनब्रेनर यांची 1979 मधली मांडणी आम्ही पहिल्याच वर्षी शिकलो होतो. मधोमध मूल आणि त्याच्याभोवती एकात एक वर्तुळं. पहिल्या वर्तुळात घर, शाळा, सवंगडी. दुसऱ्यात या सगळ्यांचे आपसातले संबंध. तिसऱ्यात अशा जागा जिथे मूल कधी पाऊलही ठेवत नाही, तरी तिथे ठरलेल्या गोष्टी त्याच्यापर्यंत पोचतात. त्याच्याही बाहेर समाजाच्या समजुती आणि कायदे. तिसऱ्या वर्तुळासमोर ‘पालकांचं कामाचं ठिकाण’ हे उदाहरण मी प्रत्येक उत्तरपत्रिकेत लिहिलं होतं. आता कामाच्या एका वेळापत्रकातली अकरा मिनिटं खिडकीपाशी उभी असलेली मला दिसत होती. आजीने ताईंशी बोललेली दोन वाक्यं म्हणजे ते दुसरं वर्तुळ. इतकं छोटं, इतकं साधं.

एवढ्यावर मी लगेच निवड केली असं नाही. सिनिअर ताईंना गाठायचं ठरवलं. आधी मी ‘तुमचं स्पेशलायझेशन कसं आहे?’ असं विचारत होते आणि सगळ्या जणी ‘छान आहे’ म्हणत होत्या. त्यातून काहीच हाती लागेना. मग प्रश्न बदलला. ‘काल दिवसभरात काय काय केलंत?’ हा प्रश्न ज्याला कुणाला निवड करायची आहे त्याने जरूर विचारावा. पूर्वबाल्यवाल्या ताईने सांगितलं, दिवसभर जमिनीवर, एका वाक्याची चार वेळा उजळणी, एका मुलाचं बोट चिमटलं, आणि संध्याकाळी उद्याच्या कृतींची तयारी. कुटुंब सहाय्यवाल्या ताईने दोन गृहभेटी केल्या होत्या, त्यातलं एक घर बंद होतं, आणि उरलेला वेळ अहवाल लिहिण्यात गेला होता. तिने एक अर्ज भरायला एका आईला मदत केली होती आणि ते सांगताना तिचा आवाज बदलला. किशोरवयवाल्या दोघींशी बोलले तेव्हा त्यांच्या कामाबद्दल आदर वाटला, ओढ वाटली नाही. तो पर्याय तिथेच संपला.

रुग्णालयातल्या मुलांच्या पर्यायापाशी मात्र मी बरेच दिवस अडकले. या कामात शस्त्रक्रियेआधी मुलाला बाहुलीवर सगळं दाखवतात: इथे पट्टी बांधतील, हा मास्क असा लावतील. मूल बाहुलीला सुई टोचून बघतं, तिला गप्प करतं, मग स्वतःचा हात पुढे करतं. या कामामागचा इतिहासही मला हलवून गेला होता. एके काळी दाखल झालेल्या मुलांना पालकांनी भेटायच्या वेळा फार तुटपुंज्या असत. भेटीनंतर मूल रडतं, म्हणून भेटच नको, असं मानलं जाई. 1952 साली ब्रिटनमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी आठ दिवस रुग्णालयात राहिलेल्या एका दोन वर्षांच्या मुलीचं चित्रण लोकांपुढे आणलं. ती मुलगी आकांत करत नाही. ती शहाण्यासारखी वागते आणि हळूहळू विझत जाते, आणि ते बघणं जास्त अवघड आहे. 1959 मध्ये ब्रिटनमधल्या सरकारी समितीने भेटीच्या वेळांची बंधनं काढावीत अशी शिफारस केली.

मी पाच वर्षांची असताना रुग्णालयात राहिले आहे. आई वळून जाताना दिसलेली तिची पाठ मला अजून आठवते. मी मॅडमना म्हटलं, “मला हेच घ्यायचंय, कारण मला ते आतून माहीत आहे.” त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “तुला त्या वॉर्डात जाऊन समोरच्या मुलाला भेटायचंय की पाच वर्षांच्या तुला?”

मला राग आला. दोन दिवस मी त्यांच्याकडे गेले नाही. पण प्रश्न खरा होता. ‘एकटा पडला आहे’ लिहितानाही मी हेच केलं होतं. स्वतःवर जे गुजरलं त्यातून या विषयाकडे येणं चुकीचं नाही, आमच्या वर्गातल्या कित्येक जणी तशाच आल्या आहेत. फक्त आपलं दुखणं कुठलं आणि समोरच्याचं कुठलं, हे वेगळं ओळखता यायला हवं. मला तेव्हा ते येत नव्हतं. हा पर्याय मी खोडला नाही, पुढे कधीतरी म्हणून बाजूला ठेवला.

घरी बाबांचा प्रश्न होता नोकरीचा, आणि तो रास्त होता. मी शोध घेतला. समुपदेशक म्हणून काम करायचं तर बहुतेक ठिकाणी नुसती पदवी पुरत नाही. पदव्युत्तर शिक्षण आणि अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली ठरावीक तास काम करावं लागतं. शिक्षिका व्हायचं तर अध्यापनाची वेगळी पात्रता लागते, ती या पदवीत धरलेली आहे का हे आधी तपासावं लागतं. आमच्या इथे ती फक्त पूर्वबाल्य शिक्षणाच्या वाटेत होती. कुटुंब सहाय्य घेतलं तर पदवीनंतर गृहभेटी, पालकवर्ग, संस्थांमधली मदतनीसाची कामं होती, आणि पुढे शिकण्याची तयारी ठेवावी लागणार होती. मी हे सगळं बाबांना खरं खरं सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे लांबचा रस्ता.” मी हो म्हटलं.

शिवाय कुटुंब सहाय्यात संख्याशास्त्राचा एक पेपर जास्त होता. गणिताची मला धास्ती होती. ती कमी झाली ती दोन अभ्यासांमुळे. अमेरिकेतल्या पेरी पूर्वप्राथमिक प्रकल्पात 1962 पासून 123 मुलांचे दोन गट केले, एका गटाला दर्जेदार बालशिक्षण आणि घरी शिक्षिकेच्या भेटी मिळाल्या, आणि पुढे ती मुलं चाळिशीची होईपर्यंत त्यांचा मागोवा घेतला गेला. रोमानियातल्या बुखारेस्टमध्ये अनाथालयांसारख्या संस्थांत वाढणाऱ्या 136 बालकांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून प्रतिपालक, म्हणजे दत्तक न घेता मूल सांभाळणाऱ्या, कुटुंबांत ठेवलं. जी दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेली त्यांचं जडणं, म्हणजे एका माणसाशी घट्ट नातं बांधणं, सर्वसाधारणपणे जास्त सावरलं. त्या आकड्यांमागे कुणीतरी कुटुंबात गेलं होतं आणि कुणीतरी मागे राहिलं होतं, हे मला अस्वस्थ करतं. पण त्या अभ्यासातून मोठ्या संस्थांऐवजी कुटुंबांत मुलं ठेवण्याच्या बाजूने ठोस पुरावा उभा राहिला. असा पुरावा वाचता आला नाही तर मी एखाद्या आईला सल्ला कशाच्या जोरावर देणार?

मुदतीला आठवडा उरला असताना मी निरीक्षणाची वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली. उजवीकडचं झाकलं आणि डावीकडच्या नोंदी मोजल्या. मला वाटलं होतं सर्वांत जास्त नोंदी खेळाच्या असतील. तसं नव्हतं. निम्म्याहून जास्त नोंदी सकाळच्या पहिल्या पंधरा मिनिटांच्या आणि शेवटच्या पंधरा मिनिटांच्या होत्या. कोण सोडायला आलं, दप्तर कोणी धरलं, ताईंनी आधी कोणाकडे पाहिलं, न्यायला आलेल्या माणसाकडे मूल धावलं की हातातलं खेळणं आधी ठेवलं. कुणी सांगितलं नसताना माझी नजर रोज दारावर गेली होती.

आई आणि मूल यांचं नातं पाहणाऱ्या, मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांच्या प्रयोगात, साधारण वीस मिनिटांत, आई दोनदा खोलीबाहेर जाते आणि परत येते. आई गेल्यावर मूल किती रडलं यापेक्षा ती परतल्यावर ते काय करतं, याला तिथे जास्त महत्त्व आहे. बालवर्गाच्या दारात पाहून कोणाच्या नात्यावर शिक्का मारायचा नसतो, हे मॅडमनी बजावलं होतं आणि मी ते पाळलं. पण परत येण्याच्या त्या क्षणाकडे नीट पाहायला मी तिथूनच शिकले.

शेवटच्या दिवशी त्या मुलाला न्यायला आई आली. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. त्याने तिचं बोट धरून तिला ठोकळ्यांपाशी नेलं, बाकीच्या तिघांनी मिळून रचलेला मनोरा दाखवला आणि सर्वांत वरच्या निळ्या ठोकळ्यावर बोट ठेवलं. तो ठोकळा त्याने ठेवला होता. आई खाली बसली, घड्याळाकडे न पाहता. ताई म्हणाल्या, “पाळी बदलली वाटतं?” आई म्हणाली, “आजपासून.”

संध्याकाळी मी अर्जावर कुटुंब सहाय्य लिहिलं. कारणाच्या तीन ओळींपैकी दोनच भरल्या: ‘मुलाला सोडायला आणि न्यायला येणाऱ्या माणसांचा दिवस कसा जातो, हे मला शिकायचं आहे. त्यांचा दिवस थोडा सोपा करता येतो का, तेही.’ मॅडमनी ते दोनदा वाचलं, सही केली आणि विचारलं, “संख्याशास्त्र पुढच्याच सत्रात घेतेस ना?”

“नाव नोंदवलंय,” मी म्हटलं.