तुम्ही विचारलंत म्हणून: कोचवर एवढा का चिडतोस?

दर हिवाळ्यात कोणीतरी विचारतंच. तिकडे अमेरिकेत कोचने कुणाला बाकावर बसवलं, तर पुण्यात तुझी सकाळ का बिघडते? पैसे लावलेत का? नाही लावलेले. आमची फँटसी लीग आहे: एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे, खरे खेळाडू आपापल्या कागदी संघात घ्यायचे, आणि त्यांच्या खऱ्या सामन्यांतल्या आकड्यांवर आपण जिंकायचं-हरायचं. जिंकणाऱ्याला प्लास्टिकचा कप मिळतो.

क्रिकेटमुळे तुमचा घोळ होतो. तिथे अकरांत नाव आलं की गडी निदान मैदानावर तरी असतो. एनबीएत एका वेळी पाचच जण आत, आणि बदल कितीही करा. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे संघाकडे वाटायला २४० मिनिटं, आणि वाटणारा एकच माणूस. आमचे पॉइंट, रिबाउंड (चुकलेला शॉट पकडणं), असिस्ट (बास्केट करून देणारा पास) सगळे त्या मिनिटांतूनच येतात. ऑक्टोबरात ड्राफ्टला, म्हणजे आमच्यात खेळाडू वाटून घेताना, आपण खेळाडू निवडतोय असं वाटतं. खरं तर कोचचा स्वभाव निवडत असतो.

दुखापतीवर मी कधीच चिडलो नाही. घोटा मुरगळला, संपलं. पण धडधाकट माणूस बसलेला बघणं वेगळं.

आमच्या लीगच्या सेमीफायनलचा शेवटचा दिवस. मार्चमधला सोमवार, आपल्याकडे पहाट. आकड्यांच्या नऊ प्रकारांपैकी जास्त जिंकेल तो पुढे; चार माझे, चार समोरच्याचे, उरले रिबाउंड. त्यात मी चारने मागे. त्याचे सगळे खेळून झालेले, माझा सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच गडी) बाकी, आणि तो सामन्याला सहज नऊ-दहा काढणारा. पहिल्या सहा मिनिटांत तीन आलेसुद्धा. मी पोह्यांचा गॅस लावला. मग मैदानात त्याच्या समोरच्या संघाने पाचही शूटर, म्हणजे लांबून बास्केट करणारे, उतरवले, आणि त्याच्या कोचने सेंटर काढून एक बुटका पोरगा आत घातला. दुसरा क्वार्टर गेला. तिसऱ्याच्या सुरुवातीला सेंटर आला, कोपऱ्यातल्या शूटरपर्यंत पोहोचायला त्याला उशीर झाला, तीन पॉइंट गेले. टाइमआउट. परत बाकावर. चौथ्या क्वार्टरमध्ये प्रत्येक चुकलेला शॉट रिंगवरून उडाला की मी ओरडत होतो, आणि तो, माझा सेंटर, टॉवेल फिरवत हसत होता. त्याचा संघ नऊने मागे होता तो जिंकला. मी एका रिबाउंडने गेलो. बरोबरीसुद्धा नाही.

तेव्हा ग्रुपवर लिहिलं होतं, ‘या माणसाला कोच कोणी केलं?’ मित्राचं उत्तर: ‘जिंकले ते.’

आज तो तेव्हाचा मी भेटला तर म्हणेन, अरे, कोच बरोबर होता. तो म्हणेल, मग दोन मिनिटं तरी? यावर माझ्याकडे उत्तर नाही. कोच चुकला असता तर राग केव्हाच निवला असता.

आणि आमचा प्लेऑफ येतो तो नेमका मार्च-एप्रिलमध्ये. तेव्हा निम्मे संघ खऱ्या प्लेऑफसाठी माणसं जपत असतात, आणि तळातले, पुढच्या वर्षी नवे खेळाडू आधी निवडता यावेत म्हणून, हरण्यातच फायदा बघतात. २०१२च्या नोव्हेंबरमध्ये सॅन अँटोनियोचा कोच पोपोविच याने मायामीच्या सामन्याआधी डंकन, पार्कर, जिनोबिली या मुख्य खेळाडूंना विश्रांतीसाठी घरी पाठवलं, तर लीगने सॅन अँटोनियोला अडीच लाख डॉलर दंड केला. एप्रिल २०२३मध्ये शिकागोविरुद्ध माणसं बसवली म्हणून डॅलसला साडेसात लाख. त्यानंतरच्या मोसमापासून मोठ्या पुरस्कारांसाठी किमान ६५ सामने खेळण्याची अटही आली. पण हे सगळं तिकीट काढणाऱ्यांसाठी आणि टीव्हीसाठी. संघ जिंकावा म्हणून सेंटर बसवला, तर त्याला दंड कोण करणार? करू नयेच. (निदान आठवड्यातले सहा दिवस माझं असंच मत असतं.)

‘खेळाडूंची तुला काळजी नाही,’ असंही म्हणता. थिबडो न्यूयॉर्कचा कोच असताना मुख्य खेळाडूंना रगडतो म्हणून लोक हळहळायचे. २०२४-२५मध्ये त्याचा जॉश हार्ट सामन्यामागे सदतीसहून जास्त मिनिटं खेळला, सगळ्या लीगमध्ये सर्वाधिक. हार्ट माझ्या कागदी संघात होता. त्याच्या गुडघ्यांचा विचार मी वर्षभर केला नाही. जून २०२५मध्ये थिबडोला काढल्याचं वाचलं आणि मनात पहिला प्रश्न आला तो हार्टच्या मिनिटांचा.