ब्रेड कच्चा, कॉइल शाबूत

"मळतं व्यवस्थित, फुगतंही छान, पण भाजतच नाही." कोथरूडच्या काका-काकूंची तक्रार एवढीच होती. ब्रेड मशीन मुलीने अमेरिकेहून आणलेलं. आधी एका ठिकाणी दाखवलं, तिथे कॉइल आणि बोर्ड दोन्ही बदला म्हणून सांगितलं, म्हणून ते सदाशिव पेठेत आमच्या दुरुस्तीच्या दुकानात आले. भाजत नाही म्हटलं की कुणाचाही संशय कॉइलवरच जाणार. मात्र पैसे सांगण्याआधी मीटर लावायचा असतो.

मशीनच्या मागच्या पट्टीवर 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ, 600 वॉट लिहिलेलं. 120 चा वर्ग भागिले 600, म्हणजे कॉइलचा रेझिस्टन्स 24 ओहमच्या आसपास यायला हवा. तेवढाच आला. थर्मल फ्यूज शाबूत. आतल्या भिंतीतून डोकावणारा तापमानाचा सेन्सर दोन बोटांत धरला तर मीटरवरचा आकडा हळूहळू उतरायला लागला, म्हणजे तोही जिवंत. बिघाड मशीनमध्ये नव्हताच.

मग काकूंनी सहज बोलता बोलता सांगितलं ते कामाचं निघालं. तीन तासांनी झाकण उघडलं तर आत पांढराफटक गोळा, आणि स्क्रीनवर पुन्हा 3:00. कॉइल गेली असती तर मशीनने आपली वेळ 0:00 पर्यंत मोजून शिट्टी वाजवली असती, ब्रेड कच्चा असला तरी; कारण घड्याळ वेगळं आणि कॉइल वेगळी. पुन्हा सुरुवातीचा आकडा दिसतो तो बहुधा वीज तुटून परत आल्यावर. काही मशीन पाच-दहा मिनिटांचा खंड लक्षात ठेवून तिथूनच पुढे चालतात, बरीच ठेवत नाहीत.

"गुरुवार होता का? दुरुस्तीसाठी लाइट गेली होती?"

"नाही हो दादा, पंखा चालू होता की वर."

घरची वीज होती आणि मशीनची गेली, तर मधलं काय? काकांनी पिशवीतून स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर काढला, आपल्या 230 व्होल्टचे 120 करणारा, नॅपकिनमध्ये गुंडाळलेला. धूळ बसू नये म्हणून घरीही त्याच्यावर नॅपकिन असायचा, आणि जागा ओट्याच्या कोपऱ्यात, डब्यांच्या मागे. पट्टीवर 300 वॉट. दुकानदाराने "मिक्सर चालतो यावर" म्हणून दिला होता.

मळणारी मोटर शंभरेक वॉट घेते. पीठ फुगत असताना कॉइल क्षणभर लागते, बंद होते, कारण तेव्हा आत कोमट उबच हवी असते. हे दोन्ही 300 वॉटचा ट्रान्सफॉर्मर निभावतो. शेवटच्या तासाभरात भाजणं सुरू झालं की कॉइल मिनिटामागून मिनिटं चालू राहते आणि दुप्पट लोड पडतो. आम्ही तसाच जोडून पाहिला. रिकामा असताना 118 व्होल्ट देत होता, कॉइल लागताच 101 वर आला. सव्वाचार अँपिअर ओढले जात होते, क्षमता अडीचची. अर्ध्या तासाच्या आत ट्रान्सफॉर्मरमधलं थर्मल कटआउट, म्हणजे जास्त तापलं की वीज तोडणारा स्विच, उडालं आणि स्क्रीन विझली. गार झाल्यावर ते आपोआप पुन्हा जोडलं गेलं. स्क्रीनवर 3:00!

काकूंना अधूनमधून येणारा जळका वासही मशीनचा नव्हता, ट्रान्सफॉर्मरच्या तापलेल्या वाइंडिंगच्या, म्हणजे तारेच्या वेटोळ्यांच्या, वॉर्निशचा होता. वर नॅपकिन. आग लागली नाही, कारण कटआउट दर वेळी उडत होतं.

"मग ट्रान्सफॉर्मर काढूनच टाकतो, थेट लावतो," काका म्हणाले. हे मात्र कधीच करू नका. तीच 24 ओहमची कॉइल 230 व्होल्टवर 2200 वॉट ओढते. फ्यूज उडाला तर नशीब, नाहीतर बोर्ड, मोटर सगळंच जातं.

600 वॉटच्या मशीनला 1000 व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, इथे साधारण वॉटच समजा) ट्रान्सफॉर्मर घ्यावा, आणि तो दोन वेगळ्या वाइंडिंगचा मागून घ्यावा. स्वस्तातले बहुतेक ऑटो ट्रान्सफॉर्मर असतात. त्यांच्या एकाच वाइंडिंगचा खालचा भाग तुटला तर पुढे सरळ 230 जातात. केसांच्या ड्रायरसाठी मिळणारे हलके, प्रवासातले कन्व्हर्टर या कामाला चालत नाहीत, कारण मशीनमध्ये इलेक्ट्रॉनिक बोर्ड आहे. ट्रान्सफॉर्मर मोकळ्या हवेत, मशीनपासून हातभर लांब. काका विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत गेले आणि तासाभरात असा घेऊन आले. वजनानेच फरक कळत होता.

आणखी एक. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. 60 हर्ट्झची मोटर आपल्या 50 हर्ट्झवर साधारण सहाव्या हिश्श्याने हळू फिरते. मळायचा वेळ तेवढाच, फेरे कमी. म्हणून गोळा जमायला थोडा उशीर लागतो.

मशीन बरं आहे हे पटवायचं तर ब्रेडच करून दाखवायला हवा. काकूंनी मैदा आणलाच होता, मापाला घरचा चहाचा कप. इथे निम्मे ब्रेड बिघडतात. अमेरिकन कप साधारण 240 मिलिलिटरचा. त्यात चमच्याने हलकेच भरला तर मैदा 120-125 ग्रॅम बसतो, डब्यात कप खुपसून दाबून भरला तर 140 च्या पुढे. तीन कपांत पन्नासएक ग्रॅमचा फरक, आणि पाणी तेवढंच. मशीनला हाताला लागणारं पीठ कळत नाही, त्यामुळे वजनकाटा घेतल्याशिवाय मशीन घेऊच नये, या मताचे आम्ही आहोत.

भांड्यात आधी 245 मिलिलिटर पाणी आणि 20 ग्रॅम तेल. मे महिना होता, दुकानातला मैदाच कोमट लागत होता, म्हणून पाणी फ्रिजमधलं. मग 400 ग्रॅम मैदा, कडेला 7 ग्रॅम मीठ आणि 15 ग्रॅम साखर, मधोमध कोरडा खळगा करून 4 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, म्हणजे सपाट सव्वा टीस्पून. काही मशीनमध्ये यीस्ट तळाशी घालायला सांगतात; पुस्तिकेत असेल तो क्रम धरावा. मळणं सुरू होईपर्यंत यीस्टला पाणी लागू नये, एवढाच त्यामागचा हेतू. भांडं बसवताना खटका ऐकायचा. नीट अडकलं नाही तर मळताना वर उचललं जातं.

दहाव्या मिनिटाला झाकण उघडून पाहिलं. मळताना उघडलं तर चालतं, भाजताना नाही. गोळा गुळगुळीत, भांड्याच्या कडा स्वच्छ, तळाशी पात्याभोवती किंचित चिकट: हे बरोबर. गोळ्याला भेगा पडून मोटर कण्हत असेल तर एकेक चमचा पाणी, तळाशी चिखल दिसला तर एकेक चमचा मैदा, आणि दर चमच्यानंतर मिनिटभर थांबायचं.

दरम्यान मशीन टेबलावर दोन बोटं सरकलं होतं. घट्ट पीठ मळताना ते हमखास चालायला लागतं, आणि गुळगुळीत ग्रॅनाइटच्या ओट्यावरून खाली पडलेली मशीन आमच्याकडे येतात. कडेपासून वीतभर आत ठेवावं, भिंतीपासूनही थोडं लांब, वाफेच्या जाळीवर काही न झाकता.

"कणकेचा होईल का?" काकूंचा खरा प्रश्न हा होता. निम्मा मैदा, निम्मी कणीक इथून सुरुवात करावी. जात्यावर दळताना गव्हाचा स्टार्च जास्त भरडला जातो आणि पाणी जास्त पितो, त्यामुळे 400 ग्रॅमला पाणी 275 च्या आसपास लागतं. कोंडा ग्लुटेनचे धागे कापतो, म्हणून ब्रेड बुटका होतो; तो मशीनचा दोष नाही. पूर्ण कणकेचा हवाच असेल तर 15-20 ग्रॅम ग्लुटेन पावडर घालावी.

ब्रेड तांबूस भाजून निघाला, मधलं तापमान 95 अंश. पातं खालून ब्रेडमध्येच अडकून आलं; ते लाकडी काडीने काढायचं, सुरीने नाही. काका गरमच कापायला निघाले होते. तासभर थांबायला लावलं, नाहीतर आतला भाग लगदा होतो.

संध्याकाळी बाणेरच्या एका मुलाचं मशीन आलं, 230 व्होल्टचंच. रात्री टायमर लावून झोपला, पहाटे घरभर धूर. दीडपट पीठ, दोन टीस्पून यीस्ट, आणि उकाड्यात सात तास भिजत पडलेलं दूध. मळण्याआधीच मिश्रण आंबलं होतं, मग फुगून उतू गेलं आणि कॉइलवर पडलं. टायमर लावायचा तर दूध-अंडं नको, दुधाची पावडर वापरावी. यीस्ट थोडं कमी. आणि मेमध्ये टायमरच टाळावा. धूर दिसल्यावर त्याने झाकण उघडलं नाही आणि आधी स्विच बंद करून प्लग काढला, हे उत्तम केलं. झाकण उघडलं की हवा मिळते आणि धुराची ज्वाळा होते.

कॉइलवरचा कोळसा पूर्ण गार असताना कोरड्या मऊ ब्रशने झाडला, चिकटलेला लाकडी काडीने. पाणी लावलं नाही. भांडं उलटं करून शाफ्टखाली, म्हणजे पातं फिरवणाऱ्या दांड्याखाली, पाहिलं, काळी ओल नव्हती, म्हणजे सील टिकून होतं. भांडं बुडवून भिजवत ठेवलं की सील जातं. आत कोमट पाणी घालून दहा मिनिटं ठेवणं पुरतं. मग रिकामं मशीन पाच मिनिटं 'बेक'वर चालवलं. पहिल्या दोन ब्रेडना वास राहील, हे त्याला आधीच सांगून ठेवलं.