एक चौदांश डोंगर आणि वारस नोंद: माझा अनुभव

अॅक्रेस या आयर्लंडच्या शेती-पर्यावरण अनुदान योजनेचा अर्ज भरणं काहीच अवघड नव्हतं, ते काम सल्लागाराने केलं. आम्ही अडकलो ते एका अपूर्णांकावर: 1/14.

मी मेयोत, आयर्लंडच्या पश्चिमेला राहते. इथे खालची कुंपणाची शेतं ज्याची त्याची, पण वरचा डोंगर सामाईक. त्याला कॉमनेज म्हणतात. आमचा डोंगर चौदा जणांचा. प्रत्येकाचा हिस्सा कागदावर असतो, डोंगरावर मात्र एकही बांध नाही. सासरे थकले, कळप नवऱ्याच्या नावावर झाला आणि 2022 च्या डिसेंबरात आम्ही अर्ज टाकला.

काही महिन्यांनी कृषी खात्याचं पत्र आलं: डोंगरावरच्या तुमच्या हक्काचा पुरावा जोडा.

जमिनीचा उतारा काढला. त्याला इथे फोलिओ म्हणतात. त्यावर नाव आजेसासऱ्यांचं! ते जाऊन तीस वर्षं झाली, वारस नोंद कुणी केलीच नव्हती. माहेरी सातबाऱ्यावर मेलेल्या चुलत्यांची नावं बघत मोठी झाले, तरी इथे तेच समोर येईल असं वाटलं नव्हतं.

मग फोन सुरू झाले. दर वेळी वेगळा माणूस, दर वेळी पहिल्यापासून सगळी कहाणी. एक म्हणाला, फोलिओ आणि वकिलाचं पत्र पुरे. ते पाठवलं, तर दुसरीने सांगितलं की मृत्युपत्राचं प्रोबेट, म्हणजे ते खरं असल्याची अधिकृत मान्यता, लागेल. मृत्युपत्र सापडलं वकिलाच्या जुन्या कार्यालयात, पण त्यात डोंगराचा उल्लेखच नाही, फक्त ‘माझी सर्व जमीन’. या तीन शब्दांवर सात महिने गेले. ज्याने फोन घेतला त्याचं नाव आणि तारीख लिहून ठेवा. मी चौथ्या फोनपासून लिहायला लागले, पहिल्यापासून लिहायला हवं होतं.

मला राग कागदांचा नव्हता. 1980 पासून युरोपकडून मेंढीमागे अनुदान मिळायला लागलं आणि दहा-बारा वर्षांत देशातली मेंढरं दुपटीच्या पुढे गेली. डोंगर खरवडला गेला, हीदर नावाचं डोंगरावरचं ठेंगणं झुडूप संपलं, काळी पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची माती, उघडी पडली आणि पावसात वाहून गेली. 1998 मध्ये सरकारने मेयोसह सहा जिल्ह्यांत डोंगरावरच्या मेंढ्या 30 टक्क्यांनी कमी करायला लावल्या. सासऱ्यांनी केल्या. विकलेल्या मेंढ्यांचे आकडे त्यांना अजून तोंडपाठ आहेत. पुढे 2002 मध्ये आमच्याच बाजूच्या ओवेनडफ-नेफिन बेग डोंगरांवरची अति-चराई रोखली नाही म्हणून युरोपीय न्यायालयाने आयर्लंडला दोषी धरलं. ज्या माणसाने डोंगरासाठी स्वतःचा कळप तोडला, त्याच्याच घराला आता डोंगर तुमचा कशावरून, असं विचारलं जात होतं.

हो, एक राहिलं. फोलिओची साधी प्रत ऑनलाइन पाच युरोत मिळते. अर्जाच्या आधी ती काढा, पत्र येण्याची वाट बघू नका.

दरम्यान डोंगराची तपासणी झाली. या योजनेत जमिनीच्या अवस्थेला 0 ते 10 गुण असतात आणि गुणांवर पैसे. तपासणाऱ्या बाईंबरोबर मी वर गेले. त्या गुडघ्यावर बसल्या, हीदरचं एक झुडूप हातात धरून मला दाखवलं. बाहेरून कात्रीने छाटल्यासारखं गोल, घट्ट. म्हणजे मेंढ्या शेंडे सतत खुडतायत. दहा पावलांवर दुसरं, मोकळं, फुललेलं, बुडाशी ओलं शेवाळ. गुण मात्र अख्ख्या डोंगराचे. शेजाऱ्याच्या मेंढ्या जास्त असल्या तरी आकडा सगळ्यांचा एकच. म्हणून हिस्सेदारांशी बोलत राहा, विशेषतः मेंढ्या वर सोडायच्या आधी.

फोलिओवर नवऱ्याचं नाव लागलं त्या दिवशी मी स्वयंपाकघरात रडले. सासऱ्यांनी चष्मा लावून 1/14 वर बोट ठेवलं, कागद नीट घडी घालून ठेवला आणि विचारलं, “डोंगराला किती मिळाले?”

“सहा,” मी म्हटलं.

“पुढच्या वेळी सात,” ते म्हणाले आणि कुत्र्याला हाक मारत बाहेर पडले.